वासरमनची परीक्षा

आपल्या वार्षिकांकाच्या मराठी विभागात दरवर्षी एखादं तरी चरित्र असतंच. विश्वेश्वरय्या, एडिसन, टेस्ला, कलाम ही सगळी आपली ठरलेली मंडळी. यंदा मी ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं नाव आमच्या हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर एकालाही माहीत नव्हतं. पण त्याच्या शोधाचा एक वारस आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, आईच्या नाहीतर वहिनीच्या जुन्या फाइलमध्ये सापडेल. गरोदरपणातले रिपोर्ट काढून बघा. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर आणि त्याखाली चार अक्षरं : व्हीडीआरएल. ही उपदंशाची म्हणजे सिफिलिसची तपासणी. आपल्या खेड्यापाड्यांत या रोगाला गरमी म्हणतात आणि म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. रक्तावरून हा रोग ओळखायची पहिली चाचणी काढणारा माणूस म्हणजे ऑगस्ट वासरमन.

विषय बघून काही जण पान उलटतील, काही जण मुद्दाम वाचतील. दोघांनाही नमस्कार! मला हा विषय प्रोजेक्टमुळे मिळाला. प्रेग्नन्सी टेस्टसारख्या पट्टीवरची रेघ डोळ्यांऐवजी कॅमेऱ्याने वाचायची, असं छोटं यंत्र शेवटच्या वर्षाला आम्ही करायला घेतलं. सर्किट जमलं, कोड चालला. गाईड सरांनी विचारलं की तुमचं यंत्र बरोबर वाचतं हे कशावरून ठरवणार? तिथून वाचायला लागलो आणि शंभर वर्षं मागे जाऊन या माणसापाशी पोचलो.

वासरमनचा जन्म २१ फेब्रुवारी १८६६ चा, जर्मनीतल्या बव्हेरियातल्या बाम्बेर्ग गावचा. घराणं ज्यू, धंदा बँकेचा, म्हणजे पैशाची ददात नव्हती. तरी पोरगा पेढीवर न बसता डॉक्टरकीला गेला. एर्लांगेन, व्हिएन्ना, म्युनिक, स्ट्रासबुर्ग अशी चार ठिकाणं पालथी घालून १८८८ मध्ये तो डॉक्टर झाला आणि थोड्याच वर्षांत बर्लिनला रॉबर्ट कॉखच्या संस्थेत दाखल झाला. कॉख म्हणजे क्षयाचा आणि पटकीचा जंतू शोधणारा. जंतुशास्त्राच्या जगात त्या वेळी बर्लिन आणि पॅरिस ही दोनच मोठी गावं होती, आणि त्यांच्यातली चुरस आपल्या गॅदरिंगमधल्या मेक विरुद्ध सिव्हिलपेक्षा कडवी होती.

सुरुवातीची वर्षं सरळ आहेत, पटकन सांगतो. धनुर्वाताचं विष मेंदूच्या पेशींना चिकटतं हे त्याने ताकाकी या जपानी सहकाऱ्याबरोबर १८९८ मध्ये दाखवलं. रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे ओळखायच्या पद्धतीवर त्याने १९०१ च्या सुमारास काम केलं. त्याच वेळी उलेनहुथ नावाचा शास्त्रज्ञ स्वतंत्रपणे तेच करत होता. पोलिसांच्या तपासात पुढे ही पद्धत फार उपयोगी पडली. कोलेबरोबर त्याने रोगजंतूंवर एक मोठा ग्रंथही संपादित केला. थोडक्यात, चाळिशीला आलेला, नाव कमावलेला, रक्तद्रव म्हणजे सीरम या विषयात मुरलेला माणूस.

आता रोगाबद्दल. १४९४-९५ च्या सुमारास फ्रेंच राजाचं सैन्य इटलीत नेपल्सवर चालून गेलं तेव्हा हा रोग युरोपात भडकला. इटलीवाल्यांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटलं आणि फ्रेंचांनी नेपल्सचा. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्याचं नाव आहे फिरंग रोग, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं! इलाज म्हणून पारा दिला जायचा. त्याने दात पडायचे, तोंड यायचं आणि कधी कधी रोगाआधी पेशंटच जायचा.

या रोगाची खोड अशी की तो लपतो. आधी एक न दुखणारा व्रण येतो आणि आपोआप बरा होतो. मग अंगावर पुरळ येतं, तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच नाही. माणूस धडधाकट दिसतो, लग्न करतो. आणि कुणाला दहा-वीस वर्षांनी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा येतो, कुणाला वेड लागतं. गरोदर बाईला असेल तर मूल पोटातच दगावतं, नाहीतर आजार घेऊनच जन्मतं. डोळ्यांना काही दिसत नसताना रोग ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

मार्च १९०५ मध्ये बर्लिनमध्येच शाउडिन आणि हॉफमन यांना सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचा जंतू दिसला. फिकट, मळसूत्रासारखा. पण तो व्रणातल्या स्रावात दिसतो. व्रण बरा झाला की बघायचं कुठे? माकडांवरच्या प्रयोगांत तेव्हा फ्रेंच पुढे होते. प्रशियाच्या शिक्षण खात्यातला आल्टहॉफ नावाचा वजनदार अधिकारी त्यामुळे अस्वस्थ होता. त्यानेच वासरमनला बोलावून या कामाला लावलं असं इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे या शोधाचा पहिला धक्का देशाभिमानाचा. आपल्याला शाळेत शिकवतात तशी शुद्ध जिज्ञासा वगैरे नंतर!

साथीला होता आल्बेर्ट नायसर. परम्याचा जंतू शोधणारा, त्वचारोगांचा मोठा प्रोफेसर. या नायसरची एक गोष्ट न सांगता पुढे जाता येत नाही. १८९० नंतरच्या दशकात त्याने लस सापडेल या आशेने उपदंशाच्या पेशंटांचं सीरम काही तरुण स्त्रियांना आणि मुलींना त्यांची परवानगी न घेता टोचलं होतं. त्यातल्या काहींना रोग झाला. त्या वेश्याव्यवसायातल्या होत्या, त्यामुळे रोग तिथूनच लागला असेल असं त्याचं म्हणणं. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, त्याला दंड झाला आणि १९०० साली प्रशिया सरकारने नियम काढला की माणसावर प्रयोग करायचा तर त्याला समजावून सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. आज आपण कुणाच्या बोटातून एक थेंब रक्त घेतलं तरी संमतिपत्रावर सही घेतो. त्या कागदाचे एक पूर्वज या बायका आहेत. त्यांची नावं कुठल्या चाचणीला दिलेली नाहीत.

तर वासरमन, नायसर आणि ब्रुक यांचा लेख १० मे १९०६ रोजी जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात आला. युक्ती मुळात बोर्दे आणि झांगू यांची, १९०१ ची. इंजिनिअरांना ती आवडेल म्हणून सविस्तर सांगतो.

रक्तात कॉम्प्लिमेंट नावाचा एक पदार्थसमूह असतो. प्रतिद्रव्य म्हणजे अँटिबॉडी आपल्या लक्ष्याला चिकटली की ती जोडी हा कॉम्प्लिमेंट खाऊन टाकते. पेशंटचं सीरम घ्या, ५६ अंशांवर अर्धा तास तापवा, म्हणजे त्यातला स्वतःचा कॉम्प्लिमेंट मरेल. त्यात रोगाचा अर्क घाला. वासरमनने हा अर्क उपदंशाने दगावलेल्या अर्भकाच्या यकृतापासून केला होता. मग गिनीपिगच्या सीरममधून मोजून कॉम्प्लिमेंट घाला. पेशंटच्या रक्तात प्रतिद्रव्य असेल तर कॉम्प्लिमेंट खर्च होईल, नसेल तर शिल्लक राहील. पण हे सगळं डोळ्यांना दिसत नाही! म्हणून दुसरा टप्पा. त्यात मेंढीच्या लाल पेशी घाला, सशात तयार केलेली प्रतिद्रव्यं आधीच चिकटवलेल्या. कॉम्प्लिमेंट शिल्लक असेल तर या पेशी फुटतील आणि नळी लालभडक पारदर्शक होईल. शिल्लक नसेल तर पेशी तशाच तळाला बसतील. म्हणजे नळीत काहीच घडलं नाही तर पेशंट पॉझिटिव्ह. आउटपुटला चक्क नॉट गेट लावलेलं आहे. एका नळीत माणूस, गिनीपिग, मेंढी आणि ससा असे चार जीव, आणि प्रत्येक द्रावणाचं प्रमाण रोज नव्याने ठरवायचं. एकाचं चुकलं की निकाल उलटा. आपल्या लॅबमध्ये साधं सीआरओचं प्रोब कॅलिब्रेट नसलं तर काय होतं ते आठवा.

आणि निकाल? सुरुवातीचे निकाल वाईट होते. या चाचणीचा इतिहास ल्युडविक फ्लेक नावाच्या पोलिश डॉक्टरने १९३५ मध्ये लिहिला. तो सांगतो की सुरुवातीला खात्रीच्या पेशंटांपैकी फक्त १५ ते २० टक्के पकडले जात होते. इतके कमी मार्क घेऊन आपल्याला एटीकेटीसुद्धा मिळणार नाही. पण अनेक देशांतले, अनेक प्रयोगशाळांतले लोक तिच्या मागे लागले. कुणी प्रमाण बदललं, कुणी वेळ बदलली, कुणी पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं ती रेषाच सरकवली, आणि आकडा ७० ते ९० टक्क्यांपर्यंत चढला. मला या माणसाच्या चरित्रातला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो. एका क्षणात युरेका झालंच नाही.

मग १९०७ मध्ये खरा धक्का बसला. लांडश्टायनर (रक्तगटवाला तोच) आणि इतर काही जणांनी दाखवलं की रोगी यकृत लागतच नाही. निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अल्कोहोलमधला अर्क घेतला तरी चाचणी तशीच चालते! म्हणजे वासरमनला वाटत होतं की आपण जंतूविरुद्धचं प्रतिद्रव्य पकडतोय, आणि प्रत्यक्षात पकडलं जात होतं शरीराच्याच एका स्निग्ध पदार्थाविरुद्धचं प्रतिद्रव्य. हा पदार्थ मेरी पँगबॉर्नने १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून वेगळा काढला आणि त्याला कार्डिओलिपिन नाव मिळालं. सिद्धांत चुकला, चाचणी टिकली. पण त्या चुकीची किंमतही होती. हे प्रतिद्रव्य फक्त उपदंशातच वाढतं असं नाही. मलेरियात वाढतं, कुष्ठरोगात वाढतं, ल्यूपससारख्या आजारात वाढतं आणि कधी कधी नुसत्या गरोदरपणातही.

ही किंमत मी जवळून पाहिली आहे. पारोळ्याकडच्या आमच्या नात्यातल्या एका वहिनीचा पहिल्या बाळंतपणातला रिपोर्ट आला, व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह. कागदावर एवढंच. ते म्हणजे काय हे कुणी सांगितलं नाही आणि घरातल्या कुणी विचारलंही नाही. मेडिकलवाल्याकडून अर्थ कळला तेव्हा चुलीवरची भाजी चुलीवर राहिली. दादाने तिच्याकडे बघणं सोडलं, तिने दादाकडे. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं आणि आठ दिवसांत तिला माहेरी पाठवलं. शेवटी तिचा भाऊ तिला एस.टी.ने धुळ्याला घेऊन गेला. तिथे टीपीएचए ही खुद्द जंतूविरुद्धची तपासणी झाली, दोघांचीही. दोघांचीही निगेटिव्ह. पहिली पॉझिटिव्ह खोटी होती. मुलगी आता शाळेत जाते. पण त्या दोन महिन्यांबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही.

मशीन बिघडलं नव्हतं आणि टेक्निशियनही चुकला नव्हता. गणित असं आहे. समजा १०,००० गरोदर बायका तपासल्या आणि त्यांतल्या १ टक्का म्हणजे १०० जणींना खरोखर रोग आहे. चाचणी चांगली आहे, १०० रोग्यांपैकी ९५ पकडते आणि १०० निरोग्यांपैकी ९५ जणींना निरोगीच म्हणते. तर खऱ्या पॉझिटिव्ह ९५. आणि निरोगी ९,९०० पैकी ५ टक्के म्हणजे ४९५ खोट्या पॉझिटिव्ह. एकूण ५९० रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि त्यांतल्या फक्त ९५ जणी आजारी. सहातली जेमतेम एक! बेजचं प्रमेय आपण गणिताच्या पेपरला आठ मार्कांसाठी पाठ करतो. वहिनीच्या सासूबाईंना ते कुणी सांगायला हवं होतं. आपल्याकडे धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी होते, तिथेही म्हणूनच आधी साधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात आणि ती पॉझिटिव्ह आली की दुसऱ्या पक्क्या तपासणीशिवाय शिक्का मारत नाहीत.

वासरमनकडे परत येऊ. चाचणीने त्याला जगभर नेलं. १९०६ मध्येच त्याने आणि प्लाउटने वेड्यांच्या इस्पितळातल्या काही पेशंटांच्या मणक्यातल्या पाण्यात तीच प्रतिक्रिया दाखवली. पॅरेसिस म्हणून जे वेड ओळखलं जायचं ते उपदंशाचंच शेवटचं रूप आहे या संशयाला त्याने बळ मिळालं, आणि १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना तशा मेंदूंत जंतूच सापडला. १९१० मध्ये एर्लिखचं साल्व्हार्सन बाजारात आलं. औषध आणि चाचणी अशी जोडी जमली. १९१३ मध्ये बर्लिनजवळ डाह्लेममध्ये वासरमनसाठी कैसर विल्हेल्म सोसायटीची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तो तिचा संचालक झाला.

त्यानंतरचं मात्र काही फारसं जमलं नाही. कॅन्सरवर त्याने इओसिन आणि सेलेनियमचं संयुग करून पाहिलं, उंदरांतल्या गाठी विरघळल्या, गाडी त्यापुढे गेली नाही. महायुद्धात सैन्यातल्या साथी आवरण्याचं काम केलं. क्षयासाठी अशीच रक्ताची चाचणी काढायचा प्रयत्न केला, तीही टिकली नाही. बोर्देला १९१९ चं नोबेल मिळालं, वासरमनला मिळालं नाही. आणि १९२१ मध्ये, पंधरा वर्षांनंतर, वासरमन, ब्रुक आणि वाइल यांच्यात बर्लिनच्या वैद्यकीय साप्ताहिकातून जाहीर भांडण झालं : नक्की कुणी काय केलं आणि श्रेय कुणाचं? ग्रुप प्रोजेक्ट केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. मला विचाराल तर तिघांनीही शेकडो अनामिक टेक्निशियनांचं देणं मान्य केलं असतं तर जास्त शोभलं असतं.

१६ मार्च १९२५ रोजी तो बर्लिनमध्ये वारला, एकोणसाठाव्या वर्षी. योगायोग असा की त्याच वर्षी इकडे मुंबईत गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांना संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य मासिक काढलं, मराठीत या विषयांवर उघड लिहिलं आणि कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. दुसऱ्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. मला तर बर्लिनच्या नळीपेक्षा मुंबईतलं हे काम जास्त अवघड वाटतं.

वासरमन गेल्यावर त्याच्या चाचणीची खरी परीक्षा सुरू झाली. तोवर कान्हसारख्यांनी चार जनावरांचा खटाटोप टाळून सोप्या चाचण्या काढल्या होत्या आणि प्रत्येक जण आपलीच चांगली म्हणत होता. तेव्हा राष्ट्रसंघाने कोपनहेगनला १९२८ मध्ये आणि माँटेव्हिडिओला १९३० मध्ये सगळ्यांना एकत्र बसवलं. रक्ताचे तेच नमुने सगळ्यांना, नावं झाकून. ज्याने त्याने आपापली चाचणी करायची आणि मग पेशंटच्या इतिहासाशी ताडून बघायचं. आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरांवर बारकोड लावतात तसंच. यात कान्हची सोपी चाचणी चांगली ठरली. तिकडे अमेरिकेत १९३५ मध्ये कनेटिकट राज्याने लग्नाआधी रक्ततपासणी सक्तीची केली, मग इतर राज्यांनीही. १९४९ मध्ये नेल्सन आणि मेयर यांची जिवंत जंतूवरची चाचणी आली तेव्हा कळलं की पॉझिटिव्ह ठरवलेल्या कितीतरी लोकांना रोग नव्हताच. अशा किती वहिन्या असतील कोण जाणे.

झाकलेल्या नमुन्यांची ती रीत आजही तशीच आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या उपदंशाच्या पट्ट्या आल्या तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने या शतकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या देशांतल्या प्रयोगशाळांत त्या अशाच तपासून घेतल्या. आता एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही एकाच पट्टीवर दिसतात. घाई कशासाठी? सातपुड्यातल्या पाड्यावरून चालत आलेली बाई रिपोर्ट घ्यायला पुढच्या आठवड्यात परत येत नाही म्हणून. ती समोर असतानाच बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एक इंजेक्शन दिलं आणि ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी झालं, तर बहुतेक वेळा मूल वाचतं. इथे खोट्या निगेटिव्हची किंमत खोट्या पॉझिटिव्हपेक्षा मोठी आहे, म्हणून इंजेक्शन लगेच द्यायचं आणि पक्की तपासणी मागाहून करायची. या पट्टीचीही एक खोड आहे. ती थेट जंतूविरुद्धचं प्रतिद्रव्य बघते आणि ते रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर रक्तात राहतं. त्यामुळे जुना बरा झालेला रोग की आताचा, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी पुन्हा व्हीडीआरएलच करावी लागते.

आमच्या प्रोजेक्टला याचा उपयोग झाला. बऱ्याच किटवर साठवणुकीचं तापमान जास्तीत जास्त ३० अंश लिहिलेलं असतं आणि जळगाव-भुसावळचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या वर. रेघ फिकट दिसली तर ती रक्तामुळे की उन्हामुळे? शिवाय १ टक्का रोग असलेल्या वस्तीत १०० खरे पेशंट मिळवायला १०,००० जणींना तपासावं लागतं. म्हणून पुष्कळदा फ्रीजमधल्या जुन्या सीरमवर चाचणी पारखतात. मग कागदावर आकडा छान येतो आणि दवाखान्यात बोटातल्या रक्तावर उतरतो. आम्ही शेवटी प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्ट्यांवरच भागवलं. खऱ्या रक्ताला हात लावायचा तर एथिक्स कमिटी लागते, आणि नायसरची गोष्ट वाचल्यावर ते पटलंही. फिकट रेघांचे नमुने केले, दोन मित्रांना एकमेकांचं न बघता वाचायला लावलं. दोघांचं एकमेकांशी पटेना, मग यंत्राचं कुणाशी जुळवायचं?

व्हाय्व्हाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं.

वासरमनची मूळ चाचणी आता प्रयोगशाळांत कुणी करत नाही. १९४६ मध्ये व्हीडीआरएल आली आणि ती हळूहळू मागे पडली. व्हीडीआरएलच्या अँटिजेनच्या बाटलीत तीन गोष्टी असतात : कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल. त्यातलं कार्डिओलिपिन अजूनही बहुधा बैलाच्या हृदयातूनच काढतात.